विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ पुढच्या वर्षी कसा उपयोगी पडतो?

दरवर्षी ठरलेल्या तिथीला आणि ठरलेल्या रस्त्यावर होणाऱ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दोन कामांना येतो. एक म्हणजे प्रसिद्धी. यंदाचं चित्रीकरण पाहून लोक पुढच्या वर्षी येतात. दुसरं काम नियोजनाचं. यंदा गर्दी कुठे तुंबली, कुठे विनाकारण वेळ गेला, रुग्णवाहिकेला वाट मिळाली की नाही, हे त्याच चित्रीकरणातून मोजता येतं. पहिलं काम आता कोणाला शिकवावं लागत नाही. दुसऱ्याकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही, कारण त्यासाठी कॅमेऱ्याचं तोंड वेगळ्या दिशेला असावं लागतं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण पुण्यात, सदाशिव पेठेच्या कडेला मिळतं. ते म्हणजे अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक.

मिरवणूक अडकते कुठे?

पुण्याच्या मध्यवस्तीतली मंडळं मुख्यतः चार रस्त्यांनी विसर्जनाला निघतात: लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता आणि टिळक रस्ता. यातला कुमठेकर रस्ता सदाशिव पेठेतून जातो, तर टिळक रस्ता तिच्या दक्षिण अंगाने. चारही रस्ते अलका टॉकीजच्या चौकात, म्हणजे लोकमान्य टिळक चौकात, एकत्र येतात. तिथून पुढे नदी आणि घाट. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती लक्ष्मी रस्त्याने येतात आणि चौकात त्या रस्त्याला अग्रक्रम असतो. बाकीच्या तीन रस्त्यांवरच्या मंडळांना वाट पाहावी लागते.

2022 मध्ये ही मिरवणूक सुमारे 31 तास चालली. 2024 मध्ये 28 तासांच्या पुढे गेली. 2025 मध्ये दुसऱ्या दिवशी रात्री चंद्रग्रहण होतं, म्हणून सुरुवात नेहमीपेक्षा लवकर, सकाळी साडेनऊच्या सुमारास झाली. तरी मिरवणूक 32 तासांहून जास्त चालली. लवकर निघाल्याने ती लवकर संपली नाही, कारण तिचा वेळ निघण्याच्या जागी ठरतच नाही. तो ठरतो चार रस्ते एक होतात त्या चौकात.

हिशोब सोपा आहे. समजा, चौकातून एक मंडळ पुढे सरकायला सरासरी 10 मिनिटं लागतात. मग तासाला 6 मंडळं जातील आणि 200 मंडळांना 33 तास 20 मिनिटं लागतील. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. आता तीच सरासरी 8 मिनिटांवर आणली, तर 200 मंडळं 26 तास 40 मिनिटांत जातात. म्हणजे प्रत्येक मंडळामागे 2 मिनिटं वाचली की एकूण 6 तास 40 मिनिटं वाचतात. ही 2 मिनिटं नेमकी कुठे जातात, हे कोणाला आठवणीतून सांगता येत नाही. ज्याला त्याला आपलं मंडळ वेळेत गेलं आणि पुढच्याने खोळंबा केला, असंच आठवतं. मिरवणुकीनंतरच्या बैठकांमधले निम्मे वाद याच आठवणींचे असतात.

रीलमध्ये काय दिसत नाही?

ढोल-ताशाचा व्हिडिओ बहुतेक वेळा सारखाच असतो. पहिल्या रांगेतले ढोल, उसळणारा ध्वज, मध्ये ताशेवाला, वरून गुलाल किंवा फुलं आणि 30 सेकंदांत शेवट. पाहायला तो छानच असतो, पण नियोजनाच्या दृष्टीने त्याच्या चौकटीत काहीच नसतं. पथकाच्या पुढचा रस्ता मोकळा होता की भरलेला? पथक किती वेळ जागेवर उभं होतं? मागचं मंडळ किती अंतरावर होतं? पाहणारे लोक फुटपाथवर मावत होते की मिरवणुकीच्या वाटेत उतरले होते? ही सगळी उत्तरं चौकटीबाहेर राहतात.

पथक एका जागी उभं राहून वाजवतं त्याला स्थिरवादन म्हणतात. चौकात स्थिरवादन करणं हा पथकाच्या मानाचा भाग असतो आणि लोकही त्यासाठीच थांबलेले असतात. ते होत असताना पुढचं मंडळ निघून जातं आणि रस्त्यावर एक रिकामा तुकडा तयार होतो. वाया गेलेला वेळ दिसतो तो या रिकाम्या तुकड्यात. आणि मोकळ्या रस्त्याचं चित्रीकरण कोणीच करत नाही.

नियोजनासाठी चित्रीकरण कसं करायचं?

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. लागते ती एक न हलणारी जागा. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्याची गॅलरी सर्वांत चांगली, कारण रस्त्यावरून पाहिलं की पुढची डोकी मागची डोकी झाकतात. गॅलरी ज्यांची आहे त्यांची परवानगी आधी घ्यायची (सदाशिव पेठेत ती दुपारी एक ते चार या वेळेत मागू नये, हे वेगळं सांगायला नको). मोबाइल स्टँडला लावायचा, झूम करायचं नाही आणि रस्त्याचा दोन्ही बाजूंच्या फुटपाथसह पूर्ण पट्टा चौकटीत घ्यायचा. रात्री एलईडी दिव्यांमुळे चित्र सारखं उजळतं आणि काळवंडतं. म्हणून प्रकाशाची सेटिंग कुलूपबंद करून ठेवायची. बहुतेक मोबाइलवर पडद्यावर बोट दाबून धरलं की हे होतं.

अखंड चित्रीकरण करायची गरज नसते. साध्या फुल एचडी व्हिडिओच्या एका मिनिटाला पद्धतीनुसार साधारण 60 ते 130 एमबी जागा लागते. म्हणजे 30 तासांचे कमीत कमी शंभरेक जीबी होतात. त्याऐवजी टाइमलॅप्स लावला, म्हणजे दर दोन-तीन सेकंदांनी एकच चित्र घेतलं, तर फाइल छोटी राहते आणि अख्खी रात्र काही मिनिटांत पाहता येते. टाइमलॅप्समध्ये आवाज मिळत नाही आणि घाईत होणाऱ्या हालचाली निसटतात. म्हणून दर दहा मिनिटांनी एक मिनिट साधा व्हिडिओ घेतला की काम भागतं. चार्जर आणि पंखा मात्र लागतो. तापलेला मोबाइल ऐन विसर्जनाला बंद पडतो.

कॅमेरे एकाहून जास्त असतील तर सगळ्यांची घड्याळं एकसारखी हवीत. मोबाइलची वेळ आपोआप लागू होत असेल तर हा प्रश्न सुटतो. जुना हँडीकॅम वापरत असाल तर सुरुवातीला मोबाइलचं घड्याळ त्याच्यासमोर धरून चित्रित करून ठेवावं. व्हिडिओ गोळा करताना मूळ फाइल घ्यावी. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, आणि तो केव्हा काढला याची नोंदही त्यातून बहुतेक वेळा निघून जाते. हवी ती फाइल पेनड्राइव्हवर, किंवा डॉक्युमेंट म्हणून.

मग बसून मोजायचं. चौकात एक काल्पनिक रेषा धरायची, उदाहरणार्थ झेब्रा पट्ट्याची कड. प्रत्येक मंडळासाठी तीन वेळा लिहायच्या: पुढचा ध्वज रेषेवर आला ती, विसर्जन रथ रेषेवर आला ती आणि मंडळाचा शेवटचा कार्यकर्ता रेषा ओलांडून गेला ती. एका मंडळाचं शेपूट आणि पुढच्याचं तोंड यातलं अंतर म्हणजे रिकामा तुकडा. हे कागदावर उतरलं की दिसतं की मोठ्या मंडळाला जास्त वेळ लागतोच असं नाही. पन्नास जणांचं पथक चालत राहिलं तर वीस जणांच्या उभ्या पथकापेक्षा लवकर जातं.

पुण्यात वाद बहुतेक वेळा संख्येवर होतो. पथकात किती माणसं असावीत यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2024 मध्ये 30 ची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तिला स्थगिती दिली. लवादापुढचा प्रश्न आवाजाचा होता आणि आवाजासाठी संख्या महत्त्वाची असू शकते. वेळेच्या प्रश्नाला मात्र संख्या लावून उपयोग नाही. तिथे चौकातली मिनिटं मोजावी लागतात.

अलका चौकात चारही रस्त्यांच्या तोंडाशी एकेक कॅमेरा असेल तर आणखी एक गोष्ट कळते: लक्ष्मी रस्त्यावर रिकामा तुकडा पडला तेव्हा कुमठेकर किंवा टिळक रस्त्यावरचं मंडळ त्यात सोडता आलं असतं का? ते तयार उभं होतं का? की त्याचं पथकही तेव्हा स्थिरवादनात होतं?

असे बदल पुण्यात होऊ शकतात, हेही दिसलं आहे. श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती पूर्वी मध्यरात्रीनंतर लक्ष्मी रस्त्यावर येत असे. 2023 पासून तो दुपारी चारच्या सुमारास निघू लागला आणि त्याचं विसर्जन त्याच रात्री होऊ लागलं. एका मोठ्या मंडळाने वेळ बदलली की त्याच्यासाठी थांबणारी गर्दीही आपली वेळ बदलते.

गर्दी मोजायची कशी?

गर्दी किती जमली यापेक्षा किती दाट होती, हा प्रश्न जास्त कामाचा असतो. लाख माणसं लांब रस्त्यावर पसरली तर काही होत नाही, आणि शंभर माणसं एका बोळात अडकली तर जीव जातात. दक्षिण कोरियात सोलच्या इटेवॉन भागात 29 ऑक्टोबर 2022 रोजी 159 जणांचा मृत्यू झाला. तो जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उतरत्या बोळात. पेठांमधले बोळ आठवून पाहिले तर ही रुंदी परकी वाटणार नाही.

चित्रातून दाटी मोजण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत बर्कली इथे पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्ज यांनी 1960 च्या दशकात विद्यार्थ्यांच्या सभांचे छायाचित्र घेऊन त्यावर चौकोन आखले, एका चौकोनातली डोकी मोजली आणि चौकोनांच्या संख्येने गुणलं. आजही हेच करता येतं. आदल्या आठवड्यातल्या एखाद्या पहाटे, रस्ता रिकामा असताना, टेपने दोन खांबांमधलं अंतर आणि रस्त्याची रुंदी मोजून ठेवायची. मग चौकटीत 4 मीटर बाय 5 मीटरचा, म्हणजे 20 चौरस मीटरचा तुकडा धरायचा. त्यात 40 माणसं असतील तर चौरस मीटरला 2. चालणं सोपं आहे. 80 असतील तर 4. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला तीन चौरस फुटांहूनही कमी जागा. इथून पुढे माणूस स्वतःच्या मर्जीने चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो.

हा 4 चा आकडा प्रत्यक्ष चित्रीकरणातूनही समोर आला आहे, तेही दरवर्षी होणाऱ्या एका उत्सवाच्या. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात सान फेर्मिन उत्सवाच्या उद्घाटनाला नगरपालिकेसमोरच्या छोट्या चौकात सुमारे 5,000 माणसं जमतात. फ्रान्समधले भौतिकशास्त्रज्ञ देनी बार्तोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 पासून वेगवेगळ्या वर्षी ही गर्दी बाल्कनीतून चित्रित केली. 2025 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. चौरस मीटरला साधारण 4 माणसांच्या पुढे दाटी गेली की शेकडो माणसं, कोणी ढकललं नसतानाही, एकत्र गोल गोल डोलू लागतात. पाम्प्लोनात एका फेरीला सुमारे 18 सेकंद लागत होते. जर्मनीत ड्यूसबर्ग इथे 2010 च्या लव्ह परेडमध्ये 21 जण मेले. त्या दुर्घटनेच्या उपलब्ध व्हिडिओंतही संशोधकांना तशीच हालचाल सापडली.

मिरवणुकीत ही खूण ओळखणं अवघड असतं, कारण तिथे लोक मुद्दाम डोलतच असतात. फरक पायांत आणि हातांत असतो. नाचणाऱ्याचे हात वर जातात आणि तो ठेक्यावर हलतो. दाटीत अडकलेल्याचे हात छातीजवळ असतात आणि त्याचं डोलणं ठेक्याशी जुळत नाही. व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिला तर डोक्यांची लाट स्पष्ट दिसते.

पाहिलेल्या चित्रीकरणावरून वाट बदलल्याचं ठळक उदाहरण मक्केजवळच्या मीना इथलं आहे. 12 जानेवारी 2006 रोजी हजच्या वेळी जमरात पुलाजवळ चेंगराचेंगरीत तीनशेहून जास्त यात्रेकरू गेले. डर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कॅमेऱ्यांची चित्रफीत तपासली. आधी सुरळीत असलेला ओघ, मग थांबत-सरकत जाणाऱ्या लाटा आणि शेवटी चहूबाजूंनी धक्के, असा क्रम त्यांना दिसला. म्हणजे दुर्घटनेच्या आधी इशारा मिळत होता, फक्त काय पाहायचं हे माहीत नव्हतं. पुढच्या हजला एकेरी मार्ग आणि गटागटांच्या वेळा ठरवण्यात आल्या. तरीही 2015 मध्ये मीनातच दुसऱ्या रस्त्यावर त्याहून भीषण चेंगराचेंगरी झाली. कॅमेरा एका जागेचं शिकवतो. गर्दी दुसऱ्या जागी सरकली तर ती जागाही पाहावी लागते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत 25 जानेवारी 2005 रोजी 290 हून जास्त भाविकांचा मृत्यू झाला. 2015 च्या नाशिक सिंहस्थात तरुणांच्या एका गटाने व्हिडिओऐवजी जमिनीवर दाब ओळखणाऱ्या चटया टाकून पावलं मोजली. चटईला अंधार आणि धूर यांची अडचण नसते. मात्र किती माणसं गेली हे ती सांगते, कुठे अडकली हे नाही.

पथकांना याचा उपयोग काय?

पुण्यातली पथकं मिरवणुकीच्या बरेच आठवडे आधी सरावाला लागतात आणि सरावाचे व्हिडिओ हीच त्यांची नव्या वादकांसाठीची जाहिरात असते. त्याच सरावात एक कॅमेरा उंचावर ठेवून पथकाचा वरून पसारा पाहता येतो: ध्वजापासून शेवटच्या ढोलापर्यंत किती मीटर, रांगेत किती ढोल, वाजवत चालताना मिनिटाला किती मीटर. कुमठेकर रस्त्यावर मावणारी रांग टिळक रस्त्यावर विरळ दिसते आणि टिळक रस्त्यावर बसवलेली रांग कुमठेकर रस्त्यावर फुटपाथवरच्या लोकांना भिंतीला दाबते. हे मैदानावर कळत नाही. मैदानावर चुन्याने रस्त्याची रुंदी आखून सराव केला आणि तो चित्रित केला की कळतं.

प्रसिद्धीचा व्हिडिओ गर्दीही आणतो

चांगला व्हिडिओ पुढच्या वर्षीची गर्दी घडवतो, कधी कधी त्याच दिवसाचीही. बंगळूरूमध्ये 4 जून 2025 रोजी चिन्नास्वामी मैदानाबाहेर आयपीएल विजयाच्या जल्लोषात 11 जणांचा चेंगरून मृत्यू झाला. कर्नाटक सरकारने उच्च न्यायालयाला दिलेल्या अहवालात त्या सकाळी समाजमाध्यमांवर टाकलेल्या निमंत्रणांचा, त्यात विराट कोहलीच्या व्हिडिओचाही, उल्लेख आहे. प्रवेशाला पास लागतील ही सूचना लोकांपर्यंत दुपारी पोहोचली, असंही त्यात म्हटलं आहे. सुमारे 35,000 क्षमतेच्या मैदानाकडे तोवर लाखो लोक निघाले होते.

म्हणून उत्सवाच्या प्रसिद्धीत कोणतं दृश्य निवडायचं, हा नियोजनाचाच भाग ठरतो. दरवर्षी एकाच चौकातलं, एकाच तासाचं, सर्वांत दाट गर्दीचं दृश्य टाकलं तर सगळे तिथेच, तेव्हाच येतात. त्याऐवजी दुपारी तीनला लक्ष्मी रस्त्यावर आरामात पाहणारी कुटुंबं दाखवली, किंवा टिळक रस्त्यावर रात्री कुठे उभं राहता येतं ते दाखवलं, तर काही जण तरी तिकडे वळतात. व्हिडिओच्या खाली मार्ग, बंद रस्ते, स्वच्छतागृह आणि परतीची वाट लिहिली तर वर्णनाच्या विशेषणांपेक्षा ती माहिती जास्त उपयोगी पडते. जुना व्हिडिओ पुन्हा टाकताना त्यावर वर्ष ठळक लिहावं. नाहीतर लोक तो आत्ताचा समजून निघतात.

2020 मध्ये करोनामुळे मिरवणूकच निघाली नाही. गणपतींचं विसर्जन मांडवाजवळच झालं आणि दर्शन पडद्यावर. त्यानंतर थेट प्रक्षेपणाची सवय टिकली आहे. ज्येष्ठांना आणि लहान मुलं असलेल्या घरांना ते सोयीचं आहे, शिवाय चौकातला भारही थोडा हलका होतो.

परवानगी, ड्रोन आणि चेहरे

ड्रोन उडवायला परवानगी लागते आणि मिरवणुकीच्या काळात पोलीस त्यावर अनेकदा सरसकट बंदी घालतात. त्यामुळे गॅलरी हाच खात्रीचा मार्ग. नियोजनासाठी चेहरा ओळखू येण्याची काहीच गरज नसते. वरून डोकी दिसली की पुरे, उलट लांबची चौकट जास्त उपयोगी. प्रसिद्धीसाठी एखाद्या वादकाचा, विशेषतः अठरा वर्षांखालच्या मुलाचा, जवळचा व्हिडिओ वापरायचा तर त्याच्या पालकांना विचारलेलं बरं. गर्दीत चक्कर आलेल्या किंवा पडलेल्या माणसाचं चित्रीकरण पोलिसांना किंवा डॉक्टरांना द्यावं, पेजवर टाकू नये.

दोन वर्षांचे व्हिडिओ शेजारी ठेवताना तारीख आणि वार पाहावेत. 2024 ची अनंत चतुर्दशी मंगळवारी होती, 2025 ची शनिवारी. शनिवारी दुसऱ्या दिवशी सुटी असल्याने माणसं रात्री थांबतात. पाऊस किती होता, मेट्रो किती वाजेपर्यंत सुरू होती, हेही गर्दीच्या वेळा बदलतं. त्यामुळे फाइलच्या नावातच वर्ष, वार, चौक, कॅमेऱ्याची दिशा आणि सुरुवातीची वेळ लिहावी, आणि सोबतच्या कागदावर पावसाची नोंद. मंडळाचा कार्याध्यक्ष दरवर्षी बदलू शकतो. म्हणून ही फाइल त्याच्या मोबाइलमध्ये न ठेवता मंडळाच्या हार्ड डिस्कवर ठेवावी.